चला, निघू या : पाचवं तिकीट तुमचंच

भगिनींनो, ठाण्याच्या एका वाचक-भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचे लेक-जावई व्हिएन्नाला असतात. येत्या उन्हाळ्यात या बाई आणि त्यांचे यजमान तिकडे जाणार आहेत, आणि तिथून सगळे मिळून तीन दिवस बुडापेस्टला. चौदा वर्षांच्या नातवाचा एकच हट्ट आहे. त्या शहरात पिनबॉलच्या यंत्रांचं संग्रहालय आहे, तिथे जायचंच! जावईबापू तयार, लेक तयार, आजोबाही तयार. बाईंचं म्हणणं असं की तिकिटं चौघांचीच काढावीत. त्यांना त्यातलं काही कळत नाही, तेव्हा त्या बाहेर कुठेतरी कॉफी घेत बसतील आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळतील. तेवढा वेळ कसा घालवावा, एवढंच त्यांना विचारायचं आहे.

वेळ कसा घालवावा ते मी सांगणार नाही. पाचवं तिकीट काढा, हे सांगणार आहे. ते का, हे सांगता सांगता तीन दिवसांचा बेतही बसवून देते. म्हणजे ज्या भगिनींचा मुलगा म्युनिकला नाहीतर भाची प्रागला आहे, त्यांनाही तो उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू या. पिनबॉल तुम्हाला अगदीच अनोळखी आहे असं समजू नका. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत कॅरम आणि पत्त्यांच्या जोडीला आणखी एक खेळ बाहेर निघायचा, आठवतो का? बॅगाटेल! किंचित उतरती लाकडी पाटी, तिच्यावर खिळ्यांची कुंपणं, प्रत्येक कुंपणाशी आकडा लिहिलेला. उजव्या हाताची दांडी ओढून सोडली की गोळी वर जायची आणि खिळ्यांवर ठेचकाळत खाली यायची. पन्नासात पडली की घर डोक्यावर! तोच हा खेळ. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये तो टेबलावर काठीने खेळत. 1871 मध्ये अमेरिकेत मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह यांनी स्प्रिंगच्या दांडीचं पेटंट घेतलं आणि काठी गेली. बुडापेस्टच्या संग्रहालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची अशी बॅगाटेलची टेबलं आहेत. नातवाला ती जुनाट वाटतील. पण ती पाहताक्षणी ओळखणारी घरात बहुधा तुम्हीच असाल. मग आता सांगा, कळत नाही कुणाला?

पुढची हकीकतही गमतीची आहे. 1931 मध्ये शिकागोच्या गॉटलिब कंपनीने ‘बॅफल बॉल’ नावाचं यंत्र काढलं. दुकानात ठेवायचं, नाणं टाकून खेळायचं. ते दिवस मंदीचे होते. लोकांच्या खिशात करमणुकीला जेमतेम एखादं नाणं असायचं, त्यामुळे हा खेळ धडाधड चालला. पण तोवरच्या सगळ्या यंत्रांत एक उणीव होती. दांडी सोडली की खेळणाऱ्याचं काम संपलं. चेंडू नशिबाने जाईल तिकडे जाणार आणि आपण काचेवर वाकून नुसतं बघायचं. म्हणूनच अनेकांनी त्याला जुगार ठरवलं. न्यूयॉर्क शहरात तर 1942 मध्ये महापौर ला गार्डिया यांनी त्यावर बंदी आणली आणि स्वतः हातात घण घेऊन यंत्रं फोडली.

मग 1947 मध्ये गॉटलिबनेच ‘हम्प्टी डम्प्टी’ नावाचं यंत्र आणलं. त्यात हॅरी मॅब्स या रचनाकाराने दोन्ही बाजूंना तीन तीन अशी सहा छोटी दांडकी बसवली. बाजूचं बटण दाबलं की दांडकं फटकन हलतं आणि खाली येणारा चेंडू परत वर जातो. ह्या दांडक्यांना फ्लिपर म्हणतात. युरोपात सगळ्या खेळालाच ‘फ्लिपर’ हे नाव पडलं आणि बुडापेस्टच्या संग्रहालयाच्या नावातही तोच शब्द आहे. ते ‘हम्प्टी डम्प्टी’ तिथे पाहायला मिळतं. त्याच्यासमोर दोन मिनिटं जरूर थांबा. दिसायला साधंच आहे, पण त्याने खेळणाऱ्याला हात दिले. त्याआधी माणूस प्रेक्षक होता, त्यानंतर खेळाडू झाला. न्यूयॉर्कची बंदी उठायला मात्र 1976 साल उजाडावं लागलं. रॉजर शार्प नावाच्या तरुणाने नगरपालिकेच्या समितीसमोर यंत्र खेळून दाखवलं, चेंडू कुठे जाईल ते आधी सांगितलं आणि तो तिथेच धाडला. हा नशिबाचा नव्हे, हातच्या कसबाचा खेळ आहे, हे तेव्हा पटलं.

आणखी एक. शिकागोच्या त्या कारखान्यांत यंत्राच्या पोटातल्या रंगीबेरंगी तारा बांधण्याचं, जोडण्याचं काम मुख्यतः बायकाच करीत. एकेका यंत्रात तारांचं हे एवढं जंजाळ असतं. यंत्रं बायकांनी जोडायची आणि खेळायची मात्र पुरुषांनी, असं का बरं?

आता बेताकडे वळू. सहल ठरवताना आपण बहुतेक वेळा पाहण्यासारख्या दहा ठिकाणांची यादी करतो आणि मग ती दिवसांत कोंबत बसतो. त्यापेक्षा स्वयंपाकाची रीत लावा. ज्याला वेळ लागतो, ज्याची वेळ आपल्या हातात नाही, ते आधी चढवायचं. कडधान्य भिजत घातल्यावाचून उसळ होत नाही ना? तसं हे संग्रहालय आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, आणि आडवारी उघडतं तेही दुपार कलल्यावर. म्हणून पहिला दिवस हाच नक्की करा. निघण्यापूर्वी लेकीला त्या आठवड्याच्या वेळा पाहून ठेवायला सांगा. आपण शनिवारची संध्याकाळ धरू या. बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं.

संग्रहालय शहराच्या पेश्त बाजूला, रादनोती मिक्लोश रस्त्यावरच्या एका तळघरात आहे. जिना उतरून जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर हे आधी माहीत असलेलं बरं. जवळचा मोठा थांबा म्हणजे यासाई मारी चौक, मार्गारेट पुलाच्या तोंडाशी. तिथून पायी जाता येतं. दोन नंबरची ट्राम याच चौकातून सुटते आणि डॅन्यूबच्या काठाकाठाने जाते. संसदभवन, साखळी पूल आणि मोठी मंडई, सगळं या एका ट्रामवर आहे. नव्या शहरात चार ठिकाणांसाठी चार वाहनं शोधत फिरण्यापेक्षा एकच ओळ धरून राहावं. पायांना आराम, डोक्यालाही आराम. उतरायचं हॉटेलही याच ट्रामच्या आसपास पाहा.

शुक्रवार. व्हिएन्नाहून सकाळची आगगाडी घ्या. पावणेतीन तासांच्या आत-बाहेर बुडापेस्टचं केलेती स्थानक येतं. ऑस्ट्रियाचा शेंगेन व्हिसा हंगेरीला चालतो, पण पासपोर्ट प्रत्येकाचा बरोबर हवा. ‘घरी नीट ठेवलाय’ हे उत्तर गाडीत चालत नाही. हंगेरीत युरो नाही, फोरिंट चालतो. सामान टाकून चार नंबरच्या मेट्रोने फोवाम चौकात या आणि मंडईत शिरा. 1897 सालची ही लोखंडी कमानींची मंडई पाहून आपल्याला क्रॉफर्ड मार्केट आठवल्यावाचून राहत नाही. ती शुक्रवारीच उरकावी हे बरं, कारण शनिवारी लवकर मिटते. तिथे लाल तिखटाच्या पिशव्या दिसतील. दोन शब्द पाठ करून जा. ‘एदेश’ म्हणजे गोड, रंगापुरतं, आणि ‘चीपोश’ म्हणजे तिखट. विकणाऱ्याला विचारूनच घ्या, नाहीतर घरी आल्यावर आमटीला नुसता रंग यायचा!

खाण्याचंही तिथेच सांगते. गुलाश हा मांसाचाच रस्सा असतो, बहुधा गाईचा. तेव्हा नावाला भुलू नका. शाकाहारी मंडळींनी ‘लांगोश’ मागावा. भटुऱ्यासारखी तळलेली जाड पुरी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. मात्र ती कशात तळली आहे ते विचारावं. तिकडे डुकराच्या चरबीत तळण्याची चाल आहे. ‘फोझेलेक’ म्हणजे आपल्या पातळ भाजीचीच बहीण, पण तिच्यावर मांसाचा तुकडा ठेवून देतात. ‘वरचं नको’ असं आधी सांगावं. तोंड अगदीच वळेना तर पिशवीत थेपला असूच द्या. दिवेलागणीला दोन नंबरच्या ट्राममध्ये नदीच्या बाजूची खिडकी धरून बसा. पलीकडचा राजवाडा आणि साखळी पूल उजळलेला दिसतो. तिकिटाच्या पैशात एवढी रोषणाई आणखी कुठे पाहायला मिळणार? ट्रामचं कागदी तिकीट मात्र चढल्यावर यंत्रात छापून घ्या. नुसतं विकत घेऊन चालत नाही, तपासनीस दंड करतात. पाच जणांनी प्रत्येक वेळी सुटी तिकिटं घेण्यापेक्षा 72 तासांचा पास घेतला तर ही कटकटच नको.

शनिवार. सकाळ आजोबांची. संसदभवन आत जाऊन पाहता येतं, पण बरोबर मार्गदर्शक असतो आणि प्रत्येक फेरीला जागा मोजक्या. तिकिटं घरूनच काढून ठेवा. युरोपीय संघाच्या नागरिकांना ती स्वस्त असतात, आपल्याला पूर्ण दर पडतो. हिशेबात तेवढे जास्त धरा. घुमटाखाली हंगेरीच्या राजांचा जुना मुकुट ठेवलेला आहे. घुमटाची उंची 96 मीटर, तेव्हा मानेला थोडा व्यायाम होईल. दुपारी जेवून खोलीवर पडा. हे सांगायलाच हवं, कारण सहलीत दुपारची झोप घेतली की पैसे वाया गेले असं वाटणारी माणसं प्रत्येक घरात एक तरी असतात. त्यांना सांगा, संध्याकाळी दोन-तीन तास उभं राहायचं आहे.

आणि मग संग्रहालय. दारात एकदाच तिकीट घ्यायचं आणि मग नाणी न टाकता हवं तेवढं खेळायचं. शंभरावर यंत्रं आहेत. ‘हात लावू नका’ अशी पाटी बहुतेक संग्रहालयांत असते. इथे हात लावण्यासाठीच बोलावलेलं असतं. म्हणूनच बाहेर बसण्यात अर्थ नाही. चित्रांचं संग्रहालय बाहेर बसून चुकलं तर पुस्तकात पाहता येईल. हे कुठे पाहणार?

पहिल्याने खेळणाऱ्या भगिनींसाठी चार युक्त्या सांगते. सुरुवात जुन्या यंत्रांपासून करा. साठ-सत्तर सालांतली यंत्रं संथ असतात. गुण वाढले की आकड्यांची चाकं खटाखट फिरतात, खरीखुरी घंटा वाजते, चेंडू कुठे लागला आणि काय झालं ते कळतं. नव्वदच्या दशकातली यंत्रं एकदम दहा गोष्टी मागतात. 1992 चं ‘ॲडम्स फॅमिली’ तर वीस हजारांहून अधिक बनलं. नातू त्याच्यावर तुटून पडेल, पडू द्या.

दुसरं, दोन्ही बटणं एकदम दाबू नका. नवखा माणूस घाबरून हेच करतो. दोन्ही दांडकी वर गेली की मधली फट मोकळी होते आणि चेंडू सरळ पोटात. ज्या बाजूला चेंडू येतो आहे तेच बटण दाबायचं.

तिसरं, घाई करू नका. बटण दाबून धरलं की दांडकं वर राहतं आणि हळू आलेला चेंडू त्याच्या खोबणीत येऊन विसावतो. तिथे तो थांबवा, श्वास घ्या, कुठे पाठवायचा ते ठरवा आणि मग सोडा. दूध उतू जायच्या बेतात असताना गॅस कमी करणारा हात तुमचा आहे. ही युक्ती घरात सगळ्यांच्या आधी तुम्हाला साधेल असं मला तरी वाटतं.

चौथी युक्ती म्हणजे हलकासा धक्का. चेंडू भलतीकडे निघाला तर यंत्राला तळहाताने थोडं हलवायची मुभा आहे, तो खेळाचाच भाग आहे. पण आत एक लोलक टांगलेला असतो. जोराने ढकललं की तो भोवतीच्या कड्याला टेकतो, ‘टिल्ट’चा दिवा लागतो आणि दांडकी मेल्यासारखी पडतात. तो चेंडू गेलाच. किती ढकलावं आणि कुठे थांबावं, हे संसार केलेल्या बाईला कुणी शिकवायला नको!

काही बारीकसारीक गोष्टी. पायात सपाट जोडे घाला. साडी असेल तर पदर खोचून घ्या आणि बांगड्या काढून पर्समध्ये ठेवा. कडेच्या पट्टीवर त्या आपटत राहतात. दुहेरी भिंगांच्या चष्म्यातून चेंडू वरच्या भिंगातून खालच्या भिंगात येताना मध्येच उडी मारल्यासारखा दिसतो. दूरचा वेगळा चष्मा असेल तर तो लावून पाहा. घंटांचा आणि दिव्यांचा मारा बराच असतो. अर्धशिशीची तक्रार असलेल्यांनी मधून मधून वर मोकळ्या हवेत यावं. लखलखत्या दिव्यांनी फिट येण्याचा त्रास कुणाला असेल तर डॉक्टरांना आधी विचारावं. आणि हो, यंत्रांच्या उभ्या काचांवर तोकड्या कपड्यांतल्या बायकांची चित्रं पुष्कळ आहेत. त्या काळची ती रीत. नातवासमोर संकोचून मान फिरवण्यापेक्षा ‘खेळ विकायला बाईचं चित्र का लागत होतं रे?’ असा प्रश्न त्यालाच टाका. चौदा वर्षांच्या मुलाला उत्तर शोधू द्यावं.

चौघांना आळीपाळीने खेळता येईल असं यंत्र गॉटलिबने 1954 मध्ये काढलं, आणि पुढे तशी यंत्रं सर्रास झाली. एक चेंडू नातवाचा, एक आजोबांचा, एक जावयांचा, एक लेकीचा. इथेच आपलं घोडं अडतं. चौघांचा डाव जमला की आई आपणहून म्हणते, तुम्ही खेळा, मी बघते. कुणी तिला बाजूला सारत नाही, तीच सरते. वर्षानुवर्षं घरात शेवटची पोळी, बसमधली शेवटची जागा आणि सहलीतलं शेवटचं तिकीट असंच सुटत जातं. पुढे घरच्यांनाही वाटू लागतं की तिला कशाची आवडच नाही. माझ्या भगिनींनो, बघत राहण्याचा खेळ 1947 साली संपला! तीन आणि दोन अशा जोड्या करा, पाळ्या लावा, पण यंत्रासमोर उभ्या राहा. गुण कमी पडले तर हसतील. हसू द्या. आजीचा चेंडू पहिल्या फटक्यात गेला म्हणून नातू हसला, तर पुढची युक्ती शिकवायलाही तोच धावत येईल.

पिशव्यांचं काय, असं विचाराल. त्या खोलीवर ठेवून या. सांभाळायला काही उरलंच नाही की सांभाळणारीही मोकळी होते. बाहेर पडल्यावर मार्गारेट पुलाच्या मध्यापर्यंत चालत जा. तिथून दिवे लागलेलं संसदभवन दिसतं. बोटं दुखत असतील, पण बोलायला पुष्कळ असेल.

रविवार. सकाळ लेकीला नाहीतर पायांना द्या. त्याच पुलाच्या मध्यावरून मार्गारेट बेटावर उतरता येतं. मोटारींची वर्दळ नाही, झाडी भरपूर. किंवा एक नंबरच्या मेट्रोने सेचेनी स्नानगृहात जा. ही भुयारी गाडी 1896 सालची, युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरची पहिली. 1913 मध्ये उघडलेलं ते स्नानगृह गरम झऱ्यांचं आहे. उभं राहून शिणलेल्या पोटऱ्यांना त्या पाण्यासारखं औषध नाही. पोहण्याचा पोशाख लागतो आणि स्त्री-पुरुष एकत्र असतात, हे आधी माहीत असू द्या. दुपारच्या गाडीने व्हिएन्ना.

निघण्यापूर्वी एवढं टिपून ठेवा :

संग्रहालयाचा दिवस आणि वेळ आधी, बाकी सगळं नंतर.
संसदभवनाची तिकिटं घरून काढावीत.
पासपोर्ट पाच, व्हिसाच्या प्रती पाच.
सपाट जोडे, दूरचा चष्मा, थोडे फोरिंट, थेपले.
मंडईत ‘एदेश’ आणि ‘चीपोश’.
संग्रहालयाची तिकिटं पाच. काढायला तुम्हीच पुढे व्हा, म्हणजे मोजण्यात चूक होणार नाही.